मुलींच्या शर्यतीत कोण धावणार, हे कसं ठरतं?

दिवाळीआधी तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. १७ वर्षांखालील मुलींची ८०० मीटर. आमच्या शाळेची नववीतली मुलगी दुसरी फेरी सुरू होताच सगळ्यांच्या पुढे निघाली. उंच, रुंद खांद्यांची, केस बारीक कापलेले, आवाज जरा घोगरा. चुन्याच्या रेषेला खेटून उभे असलेले एक पालक मोठ्यांदा म्हणाले, "आधी ती मुलगी आहे का ते तपासा!" आजूबाजूचे चार-पाच जण हसले. तिला ते ऐकू गेलं, कारण पळता पळता तिची मान वळलेली मी पाहिली. शेवटच्या वळणावर तिचे पाय जड झाले आणि ती दुसरी आली. परतताना जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, असं खरंच तपासतात का?"

तपासतात, पण शाळेच्या स्पर्धेत नाही, एवढंच मी त्या दिवशी सांगितलं. खरं उत्तर बरंच मोठं आहे. धावणाऱ्या मुलींना, त्यांच्या आईवडिलांना आणि आम्हा क्रीडाशिक्षकांना ते ठाऊक असायला हवं, म्हणून लिहायला बसले.

मुलींची शर्यत मुळात वेगळी का ठेवतात, इथून सुरुवात करू. कुस्तीत वजनी गट असतात. ५० किलोच्या मुलीला ७६ किलोच्या मुलीसमोर उभं केलं, तर कसब कितीही असो, निकाल आधीच ठरलेला. म्हणून गट पाडतात आणि गट पाडला की त्याची हद्द काटेकोर पाळावी लागते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण काटा काय मोजतो याबद्दल कुणाला शंका नव्हती. आणि काट्याने विनेशला 'तू कोण आहेस' असं विचारलं नाही. तिचं वजन तेवढं सांगितलं.

महिलांचा गटही अशाच कारणासाठी आहे. १०० मीटरचा पुरुषांचा विक्रम ९.५८ सेकंदांचा, महिलांचा १०.४९. ८०० मीटरमध्ये पुरुष १ मिनिट ४०.९१ सेकंद, महिला १ मिनिट ५३.२८. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर. धावण्यात ढोबळमानाने १० ते १२ टक्क्यांचा फरक पडतो, उड्यांमध्ये त्याहून जास्त. वाचायला हा आकडा लहान वाटतो. पण महिलांचा ८०० मीटरचा जो विश्वविक्रम १९८३ पासून कुणाला मोडता आलेला नाही, त्याहून कमी वेळात धावणारे पुरुष जगात दरवर्षी ढिगाने असतात आणि त्यांत शाळकरी मुलंही असतात. सगळ्यांची शर्यत एकत्र घेतली, तर अंतिम फेरीत एकही बाई दिसणार नाही. वेगळा गट नसता तर पी. टी. उषा हे नाव आपल्याला माहीतच झालं नसतं.

हा फरक येतो कुठून? चौथी-पाचवीपर्यंत मुलं-मुली एकत्र पळवली तर फारसं अंतर दिसत नाही. कितीदा तर मुलीच पुढे असतात. मी हे दरवर्षी मैदानावर बघते. सातवी-आठवीपासून चित्र पालटतं. मुलगे वयात येताना त्यांच्या वृषणांमधून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर तयार होऊ लागतं. हाडं लांब आणि जाड होतात, स्नायू भरतात, हृदय-फुप्फुसं मोठी होतात, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नॅनोमोल प्रतिलिटर या मापात मोजतात. प्रौढ बाईत ते बहुतेक वेळा २ च्या आत असतं, पुरुषात साधारण ८ ते ३०. मधला पट्टा जवळजवळ रिकामाच. पीसीओएस हा अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा त्रास असलेल्या मुलींमध्ये ते थोडं वाढतं, हनुवटीवर केस येतात, पाळी मागेपुढे होते. तरी ते पुरुषांच्या पातळीच्या आसपासही जात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे अशा मुलींनाच सगळ्यात आधी टोमणे बसतात, आणि आज जे नियम आहेत ते त्यांना लागूच होत नाहीत.

इथवर सगळं सरळ आहे. अडचण हद्दीवर सुरू होते.

गर्भ सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी एकसारखेच वाढतात. मुलींची गुणसूत्रं सहसा एक्स-एक्स असतात, मुलग्यांची एक्स-वाय. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक जनुक असतं. ते कामाला लागलं की गर्भातल्या ग्रंथींचे वृषण होतात, नाहीतर अंडाशय. पुढे शरीर कसं घडेल हे वृषणांतून येणाऱ्या संप्रेरकांवर आणि शरीर त्यांना कसा प्रतिसाद देतं यावर ठरतं. क्वचित या साखळीतली एखादी कडी वेगळी निघते. अशा सगळ्या प्रकारांना मिळून 'लैंगिक विकासातील फरक' म्हणतात, खेळाच्या जगात 'डीएसडी'.

यातले दोन प्रकार समजले की निम्मा वाद समजला. पहिल्यात एक्स-वाय गुणसूत्रं असतात, पोटात वृषण असतात, टेस्टोस्टेरॉनही तयार होतं, पण शरीरातल्या पेशी ते वापरूच शकत नाहीत. छपरावरची टाकी काठोकाठ भरलेली आणि घरात एकही नळ नाही, तसं. हे शरीर बाईचंच घडतं. पाळी येत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावरच बऱ्याच जणींना ही गोष्ट कळते. अशा मुलीला टेस्टोस्टेरॉनचा खेळात काडीचा उपयोग नसतो. दुसऱ्या प्रकारात टेस्टोस्टेरॉनचं पुढच्या एका संप्रेरकात रूपांतर होत नाही, त्यामुळे जन्मावेळी बाह्य अवयव मुलीसारखे दिसू शकतात. सुईण सांगते मुलगी, दाखल्यावर मुलगी, वाढते मुलगी म्हणून. पण वयात येताना तेच टेस्टोस्टेरॉन स्नायूंवर आणि हाडांवर काम करतं. टाकी भरलेली आहे आणि नळही चालू आहेत.

दोघीही जन्मापासून मुली म्हणून वाढलेल्या, दोघींनीही कुणाला फसवलेलं नाही. गुणसूत्रं तपासली तर दोघींचा निकाल एकच येतो. मैदानावर मात्र दोघींची स्थिती वेगळी आहे. हा फरक न समजता ज्यांनी तपासण्या केल्या, त्यांनी फार नुकसान केलं.

त्या तपासण्यांचा इतिहास वाचवत नाही. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांसमोरून विवस्त्र चालावं लागलं. मग गुणसूत्रांची तपासणी आली. पोलंडची एव्हा क्लोबुकोव्स्का टोकियो ऑलिंपिकची सुवर्णपदक विजेती. १९६७ मध्ये तिला या तपासणीत बाद ठरवलं आणि पुढच्याच वर्षी तिला मूल झालं. स्पेनची अडथळा-धावपटू मारिया होजे मार्तिनेझ-पातिन्यो हिचं शरीर मघाच्या बिननळाच्या घरासारखं होतं. आधी एकदा ती तपासणीत पास झाली होती, पण १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेला जाताना ते प्रमाणपत्र घरी राहिलं. पुन्हा तपासणी झाली आणि ती नापास ठरली. पुढे घरच्या स्पर्धेत 'दुखापत झाली म्हणून माघार घे' असं सुचवलं गेलं. ती धावली, जिंकली आणि तिचा अहवाल वर्तमानपत्रांत पोचला. शिष्यवृत्ती गेली, राहण्याची जागा गेली, ठरलेलं लग्न मोडलं. ती लढली आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा मान्यता मिळाली, पण एका धावपटूची ऐन उमेदीची वर्षं हातची गेली होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ महिलांची तपासणी झाली. आठ जणींमध्ये वाय गुणसूत्राचा अंश सापडला आणि आठहीजणींना खेळू दिलं. पुरुष बाईचं सोंग घेऊन आलाय, असं एकही प्रकरण त्यात नव्हतं. १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट तपासण्या बंद केल्या.

पण 'संशय आला तर' ही पळवाट उघडी राहिली, आणि त्यात आपल्या मुली सापडल्या.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातली शांती सौंदरराजन गरीब मजूर घरातली. डिसेंबर २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरचं रौप्यपदक जिंकलं. लगेच लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं आणि तिच्या शरीराची चर्चा देशभरच्या वाहिन्यांवर सुरू झाली. तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. काही वर्षांनी ती वीटभट्टीवर रोजंदारी करताना दिसली, तेव्हा पुन्हा बातम्या झाल्या. नंतर ती प्रशिक्षक झाली. हद्द कुठे असावी यावर वाद होऊ शकतो. पण वैद्यकीय अहवाल जगासमोर टाकून एका खेळाडूला घरी पाठवून द्यायचं, यावर वाद होऊच शकत नाही. ती चूक होती आणि ती आपल्या देशाच्या नावावर आहे.

ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातली द्युती चंद विणकराची मुलगी. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेला जायच्या तोंडावर तिला वगळलं, कारण टेस्टोस्टेरॉन मर्यादेपेक्षा जास्त आलं होतं. मर्यादा तेव्हा १० नॅनोमोल होती. द्युती तेव्हा १८ वर्षांची. औषध किंवा शस्त्रक्रिया करून पातळी खाली आण, नाहीतर धावू नकोस, असा तो नियम. तिने दोन्ही नाकारलं आणि स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. जुलै २०१५ मध्ये लवादाने नियम दोन वर्षांसाठी स्थगित केला. लवादाने अगदी साधा मुद्दा पकडला होता. पुरुष-महिलांमधलं अंतर १० ते १२ टक्क्यांचं आहे. या मुलींना मिळणारा फायदा त्या तोडीचा आहे का? उंच बापाची मुलगी उंच निघते, तसा एक-दोन टक्क्यांचा फायदा असेल, तर त्यासाठी कुणाला बाहेर काढता येणार नाही. फायदा किती, याचा पुरावा आणा. द्युती रिओ ऑलिंपिकला धावली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदकं आणली. (पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात तिच्यावर बंदी आली. त्या गोष्टीचा या गोष्टीशी संबंध नाही.)

पुरावा मागितल्यावर अॅथलेटिक्सची जागतिक संघटना २०१८ मध्ये नवा नियम घेऊन आली. मर्यादा ५ नॅनोमोल, तीही फक्त ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींसाठी आणि फक्त एक्स-वाय गुणसूत्रांच्या डीएसडी खेळाडूंसाठी. द्युती १०० आणि २०० मीटर धावायची, त्यामुळे ती सुटली. कास्टर सेमेन्या अडकली.

दक्षिण आफ्रिकेची सेमेन्या २००९ मध्ये बर्लिनला १ मिनिट ५५.४५ सेकंदांत जगज्जेती झाली तेव्हा १८ वर्षांची होती, आणि ज्या दिवशी ती जिंकली त्याच दिवशी तिच्या लिंगचाचणीची बातमी जगभर झाली होती. पुढे काही वर्षं ती टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन धावली. त्या गोळ्यांनी आपली तब्येत बिघडली असं तिने सांगितलं आहे. नव्या नियमाविरुद्ध ती लवादाकडे गेली. १ मे २०१९ चा निकाल दोन विरुद्ध एक असा तिच्या विरोधात गेला. त्यातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. लवादाने मान्य केलं की हा नियम भेदभाव करणारा आहे, पण महिलांचा गट राखायचा तर हा भेदभाव आवश्यक आणि वाजवी आहे. मला त्यातला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. इथे सगळ्यांना न्याय देणारा तोडगा नाही, हे लवादाने लपवलं नाही. सेमेन्या युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या मोठ्या पीठाने सांगितलं की तिला स्वित्झर्लंडच्या न्यायालयात नीट सुनावणी मिळाली नाही. नियम योग्य की अयोग्य, यात ते पडलं नाही.

दुसरी बाजूही माणसांचीच आहे. रिओला २०१६ मध्ये ८०० मीटरची तिन्ही पदकं ज्यांना मिळाली, त्या तिघी पुढे या नियमाच्या कक्षेत आल्या. चौथी होती कॅनडाची मेलिसा बिशप. स्वतःच्या देशाचा विक्रम करूनही सेकंदाच्या तेरा शतांशांनी तिचं कांस्यपदक हुकलं. अंतिम रेषेपलीकडची ती मुलगी म्हणजे द्वेषाने बोलणारी कुणी नव्हे. पहाटे चारला उठून तीही तेवढीच वर्षं पळालेली असते. एक्स-वाय डीएसडी असलेल्या बायका एकंदर लोकसंख्येत अगदी विरळ असतात. तिन्ही पदकं त्यांच्याकडे जाणं हा निव्वळ योगायोग मानणं मला जमत नाही.

तरी विज्ञानाच्या नावावर घाई झाली, हेही खरं. २०१८ च्या नियमाला आधार असलेल्या अभ्यासातला काही डेटा चुकीचा असल्याचं इतर संशोधकांनी दाखवून दिलं, आणि २०२१ मध्ये मूळ संशोधकांनीच दुरुस्ती छापून सांगितलं की त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. युगांडाची अॅनेट नेगेसा हिच्यावर २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. ती जागतिक संघटनेच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून झाली असं तिने पुढे उघडपणे सांगितलं, संघटनेने ते नाकारलं. धावण्यासाठी निरोगी शरीरावर सुरी चालवायची, हे ऐकून मी प्रशिक्षक म्हणून गप्प राहू शकत नाही.

ट्रान्स महिला खेळाडूंचा प्रश्न यात नेहमी मिसळला जातो. तो वेगळा आहे. डीएसडी असलेली खेळाडू जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली असते, तर ट्रान्स महिला जन्माने मुलगा नोंदवलेली आणि पुढे स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती. क्रीडासंघटनांचा प्रश्न एवढाच की मुलगा म्हणून वयात येताना शरीर जे कमावतं, ते औषधांनी परत जातं का. हिमोग्लोबिन काही महिन्यांत बायकांच्या पातळीवर येतं. स्नायू आणि ताकद मात्र वर्षभरात जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास घटते, आणि हाडांची लांबी तर कमी होणारच नाही. यातले बरेच अभ्यास सर्वसामान्य लोकांवरचे आहेत, अव्वल खेळाडूंवरचे फार थोडे. त्या आधारे पोहण्याच्या संघटनेने जून २०२२ मध्ये, अॅथलेटिक्सने मार्च २०२३ मध्ये आणि आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटसाठी एकच रेषा आखली: पुरुष म्हणून वयात आलेली व्यक्ती महिला गटात खेळू शकत नाही. अव्वल पातळीवर मला ही रेषा पटते. पण गावातल्या मैदानावर संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायला आलेल्या ट्रान्स मुलीला हाकलण्यासाठी ऑलिंपिकचा नियम वापरणं मला मुळीच पटत नाही. तिथे पदक नाही, फक्त खेळणं आहे.

हे दोन प्रश्न एकात मिसळले की काय होतं, ते पॅरिसच्या बॉक्सिंगमध्ये दिसलं. अल्जीरियाची इमान खलिफ ऑगस्ट २०२४ मध्ये इटलीच्या अँजेला कारिनीसमोर उतरली आणि कारिनीने ४६ सेकंदांत लढत सोडली. रात्रीतून 'पुरुषाने बाईला मारलं' असे संदेश आपल्या घरगुती व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत पोचले. खलिफ ट्रान्स नाही. ती मुलगी म्हणून जन्मली आणि वाढली. २०२३ मध्ये नवी दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेतून तिला आणि तैवानच्या लिन यू-टिंगला तेव्हाच्या बॉक्सिंग संघटनेने चाचणीचं कारण देऊन मध्येच बाद केलं होतं, पण चाचणीचा तपशील नीट मांडला नव्हता. ऑलिंपिक समितीने पासपोर्टवरची नोंद ग्राह्य धरली आणि दोघींनी सुवर्णपदक जिंकलं. बॉक्सिंगमध्ये प्रश्न फक्त पदकाचा नसतो, जबड्यावर बसणाऱ्या ठोशाचा असतो, म्हणून तिथे नियम आधीच स्पष्ट हवा होता. तो नसल्याची किंमत खलिफने भरली आणि कारिनीनेही.

आता अॅथलेटिक्सचा नियम पुन्हा बदलला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धेत महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीला आयुष्यात एकदा एसआरवाय जनुकाची चाचणी द्यावी लागते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची किंवा थोडं रक्त द्यायचं. बिननळाच्या घरासारखं शरीर असलेल्या खेळाडूंना सवलत आहे. या चाचणीत एक मोठी सुधारणा मला दिसते: ती सगळ्यांची होते. कुणाचे खांदे रुंद आहेत, कुणाचा आवाज जाड आहे, हे बघून बोट दाखवायची गरज उरत नाही. पण १९९० मध्ये हे जनुक ज्यांच्या संशोधनातून सापडलं, त्या अँड्र्यू सिंक्लेअर यांचाच तिला आक्षेप आहे. जनुक आहे की नाही एवढंच ती सांगते, ते शरीरात काय करतंय ते सांगत नाही.

माझी काळजी काडी फिरवल्यानंतरच्या आठवड्याची आहे. अव्वल खेळाडू आपल्याकडे येतात कुठून? वाड्या-वस्त्यांवरून. चाचणीत काही निघालं, तर त्या मुलीला आपल्या शरीराबद्दलची आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट एका कागदावरून कळणार. ती आधी तिला एकटीला, बंद खोलीत, तिच्या भाषेत, डॉक्टर आणि समुपदेशक बरोबर असताना कळायला हवी. निकाल पाहणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजता यावी. तिने ठरवेपर्यंत बाहेर एक शब्द जाऊ नये, आणि ती धावली नाही तरी तिची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी सुटू नये. आणि चाचणी मोठ्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नको, राष्ट्रीय शिबिरात पाऊल टाकतानाच व्हावी. शांतीच्या वेळी यातलं काय झालं, ते आपण पाहिलं आहे.

तालुक्याला धावलेल्या आमच्या त्या मुलीची आई परवा शाळेत आली होती. लेकीने पळणं सोडायचं म्हटलं होतं. मी दोघींना समोर बसवून यातलं बरंचसं सांगितलं, टाकी आणि नळासकट. शेवटी आईने विचारलं, "उद्या पुन्हा कोणी मैदानावर असं ओरडलं, तर आम्ही काय करायचं?" मी सांगितलं, शालेय स्पर्धेत ओळखपत्र आणि जन्माचा दाखला लागतो, तो माझ्या फाइलमध्ये आहे. कोणी ओरडलं तर त्यांना माझ्याकडे पाठवा, आणि पंचांकडे तक्रार मी करते. तालुक्याच्या वेळी मी ती केली नव्हती. मुलगी एवढा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, उद्या सराव सहाला आहे की साडेसहाला.